अस्तातला शुक्र

कुणी भुताखेतांच्या गोष्टी काढल्या की मी सरळ उठून जातो. तीस वर्षं पोरांना भूगोल शिकवला, फळ्यावर ग्रह काढून दाखवले... त्यामुळे हे लिहिताना जरा लाजच वाटते आहे.

साल असेल १९३०च्या आसपासचं. आमचं गाव तापीकाठी, सारंगखेड्याच्या समोर. मी नुकताच फायनल पास होऊन मास्तर झालो होतो. धाकट्या बहिणीला, सखूला, त्याच वर्षी शहाद्याकडे दिलं होतं. थंडीत माय अंथरुणाला खिळली, वैद्यांनी हात टेकले. तिला एकच ध्यास — सखूला एकदा बघायचं.

आणायला गेलो, तर शुक्राचा अस्त! शुक्र सूर्याजवळ जाऊन दिसेनासा झाला की आमच्याकडे नव्या सुनेला माहेरी धाडत नसत. सखूचे सासरे भले, पण पंचांगाबाहेर पाऊल टाकणार नाहीत.

"मास्तर, शुक्र उगू द्या, मंग धाडसूत."

अस्त सरायला अजून अठरा दिवस होते. सखू दाराआड रडत होती. मी हात हलवत परतलो.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला मायची खाट अंगणात आणली. एकदम ती म्हणाली, "भाऊ, तो दख, शुक्र उगना. आते सखूले लई ये."

तिचं मन राखायला मी मावळतीकडे पाहिलं — आणि खरंच! तुरीच्या शेतावर टपोरी चांदणी...

लगेच पुढच्या संध्याकाळी पुन्हा शहाद्याकडे जाऊन सखूच्या सासऱ्यांना तीच चांदणी दाखवली. त्यांनी हात जोडले. "उगना बरं! सकाय गाडी जुपा." त्यांनी सखूलाही दिसतो का विचारलं, तिनंही मान हलवली.

सखू आली. मायनं तीन दिवस तिचा हात सोडला नाही. मग माय गेली.

त्यानंतर आकाशात ती चांदणी नव्हती. शुक्र उगवला तो पंचांगात छापलेल्या दिवशीच. जाणकार म्हणाले, गुरू पाहिला असेल. पण गुरू तेव्हा पूर्वेला होता!

पुष्कळ वर्षांनी सखूजवळ हा विषय काढला. ती म्हणाली, "दादा, माले तर काहीच नही दिसनं व्हतं. सासरानी इचारं, मी मान हालाई दिनी. माले मायकडे येवानं व्हतं."

मग मायनं, मी, तिच्या सासऱ्यांनी पाहिलं ते काय? सखूला विचारलं, तर डोळे पुसत एवढंच म्हणाली —

"तीन दिन भेटनात ना, दादा."