दंडातला उंदीर

शिकवणीची पोरं त्यांना पाठीमागे ‘मूळव्याध सर’ म्हणत. सरांना ते ठाऊक होतं आणि खरं तर आवडायचंही. इंग्रजी शब्द दिसला, की त्याच्या मुळाशी गेल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. ‘विंडो’ म्हणजे वाऱ्याचा डोळा, हे सांगताना ते बाहेरच्या खोलीची खिडकी अशा थाटात उघडत, की जणू वारासुद्धा त्यांनीच बोलावून ठेवलाय. व्याकरण मग राहूनच जाई.

पोरांचा लाडका शब्द ‘मसल’. “लॅटिनमध्ये याचा अर्थ छोटा उंदीर! आपल्याला दंडात बेडकी दिसली, त्यांना उंदीर दिसला,” असं म्हणत सर बाही सारत, मूठ वळत आणि काटकुळ्या दंडातला उंदीर पळवून दाखवत. वर्ग खिदळायचा.

आणि मग तो उंदीर आपला आपण पळू लागला. हात टेबलावर निवांत पडलेला असतानाही कातडीखाली वळवळायचा. पुढे बोटांतून खडू निसटू लागला. सरांनी फोनवर शोधून पाहिलं, चार ओळी वाचल्या; शेवटची होती, ‘हा आजार हळूहळू अंगभर पसरतो.’ त्यांनी फोन पालथा घातला. भर उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचे शर्ट निघाले. डॉक्टरकडे जायचं नाही आणि बायकोला कळू द्यायचं नाही, एवढंच त्यांनी ठरवलं. माणूस घाबरला की असाच अडाण्यासारखा वागतो.

आज एक मुलगी हटूनच बसली. “सर, उंदीर दाखवा ना!” सगळ्यांनीच गलका केला, तेव्हा सरांनी बाही वर केली. मूठ वळलीच नव्हती, तरी दंड थडथडत होता.

“अय्या, आपोआप पळतोय!” पोरांनी टाळ्या पिटल्या. सरही हसले. हसत हसतच त्यांनी बाही खाली ओढली.

पोरं गेल्यावर ते बाहीचं बटण लावायला लागले. लागेना. बायको आतून आली आणि तिने ते लावून दिलं.

“अहो, उद्या डॉक्टरकडे जाऊ.”

“अगं, शीर आखडलीय. नुसता दंड तर आहे.”

तिने त्यांचा हात सोडला नाही. “महिनाभर बघतेय मी. भीतीने बोलले नाही. तुम्ही झोपलात ना, की पाठीवरही पळतो तो.”