डाव्या चाकाचे पाच स्टड

लोहाऱ्याच्या ज्या गॅरेजमध्ये मी नऊ वर्षं काम केलं, तिथं आम्ही दोघंच कारागीर होतो. एक मी, तिशीतला. दुसरे मिस्त्री, साठी ओलांडलेले. ब्रेक उघडायला, हब बसवायला, नुसत्या आवाजावरून बेअरिंग ओळखायला मला त्यांनीच शिकवलं. शिकून झाल्यावर मात्र ते रोज समोर बसलेले मला नकोसे झाले. हे आज मी कबूल करतो. तेव्हा मी म्हणायचो, मिस्त्री लई मंद झालेत.

मंद ते झालेच होते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता आणि ऑपरेशनचं ते पुढं ढकलत होते. चाक बसवायचं तर आधी तारेच्या ब्रशनं स्टड घासायचे. स्टड म्हणजे हबमधून, चाकामागच्या गोल तबकडीतून, बाहेर आलेले ते पाच बोल्ट. सगळं चाक त्यांच्यावरच असतं. आट्यांत वाळूचा कण राहू द्यायचे नाहीत. मग पाचही नट हातानं फिरवून बसवायचे आणि चौमुखी पान्यानं एक सोडून एक, थोडे थोडे आवळत जायचे. गिऱ्हाईक निघालं की सांगायचे, "पन्नास किलोमीटर चालवा आन परत या. नट एकदा बघतो."

माझ्याकडं हवेवर चालणारी गन होती. पाच नट, पाच आवाज, काम खलास. मी गिऱ्हाइकांसमोर म्हणायचो, "मिस्त्री चाक बसवत न्हायत, चाकाची पूजा करतेत." लोक हसायचे. मिस्त्री ब्रश खाली ठेवायचे आणि परत उचलून घासायला लागायचे. ते गप्प बसतात म्हणून मी आणखी बोलायचो.

एका सकाळी माकणीच्या रस्त्यावर पॅसेंजरच्या खेपा मारणारा एक जीपवाला आला. मागच्या डाव्या चाकाचा एक स्टड मुळातून तुटला होता. मालक त्या दिवशी सामान आणायला लातूरला गेले होते. जीपवाला म्हणाला, "लौकर करा, स्टँडवर माणसं बसलीत," आणि समोरच्या हॉटेलात चहाला गेला.

मी चाक काढलं, त्यामागचा ब्रेकचा ड्रम काढला, तुटलेला तुकडा हातोड्यानं मागं ठोकून बाहेर पाडला. नवा स्टड मागून घातला आणि ओढून बसवण्यासाठी वायसर लावून नट आवळायला लागलो. नटाबरोबर स्टडही फिरायला लागला. त्याच्या मानेला दाते असतात, ते भोकात घट्ट रुतायला हवेत. इथं भोकच झिजून मोठं झालं होतं.

मिस्त्री शेजारी उकिडवे बसले. भोकात करंगळी फिरवून म्हणाले, "हब गेलंय. हे बदलावं लागंल. आन एक तुटला म्हंजी बाजूच्या दोघांनी त्याचा भार वाहिलाय. ते बी बदल."

"माणसं खोळंबलीत तिकडं."

"खोळंबू दे."

मी वेल्डिंगची मशीन ओढली. स्टडच्या डोक्याला मागून दोन ठिपके मारले की तो फिरायचा थांबतो, हे मला माहीत होतं. मिस्त्रींनी माझं मनगट धरलं. "वेल्डिंग मारू नगं. तापला की पोलाद कडक हुतंय. कडक झालं की तुटतंय."

"मिस्त्री," मी म्हणालो, "तुम्हाला ठिणगी तरी दिसती का? दिसत नसंल तर बाजूला सरका, उगं भाजंल."

ते सरकले. मी ठिपके मारले, ड्रम चढवला, चाक चढवलं आणि पाचही नट गननं एका दमात आवळले. मग हात धुवायला मागच्या नळावर गेलो. तेवढ्यात मिस्त्रींनी आपला पाना घेऊन ते नट पुन्हा तपासायला घेतले. जीपवाला चहा पिऊन आला तेव्हा त्याला चाकापाशी मिस्त्रीच दिसले. त्यांनी त्याला नेहमीचं पन्नास किलोमीटरचं सांगितलं. मी नळावरून ओरडलो, "जावा हो तुम्ही, मिस्त्रीला करमत न्हाय म्हणून बोलवतेत." तो हसत गेला. परत आला नाही.

चौथ्या दिवशी माकणीच्या अलीकडच्या उतारावर ते चाक निखळलं. जीप घासत जाऊन बांधाला थांबली. आतल्या माणसांना खरचटण्यापलीकडं काही झालं नाही. पण सुटलेलं चाक एकटंच पुढं धावत गेलं. रस्त्याकडंनं एक बाई मेंढरं घेऊन चालली होती. चाकानं दोन मेंढरं चिरडली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी जीपवाला ते हब घेऊन गॅरेजवर आला. सोबत दहा-बारा माणसं, त्यात जीपमधले पॅसेंजरही. हब त्यानं मालकांच्या टेबलावर आदळलं. वेल्डिंग मारलेला स्टड डोक्याजवळ कापल्यासारखा तुटला होता, बाजूचे दोन ताणून तुटले होते आणि उरलेल्या दोघांचे आटे सोलून निघाले होते. मिस्त्रींनी जसं सांगितलं होतं तसंच.

मालकांनी विचारलं, "हे चाक कुणी बसवलं?"

मी आधी बोललो. "मिस्त्रींनी."

जीपवाला म्हणाला, "व्हय. म्या चहा पिऊन आलो तवा ह्येच आवळत हुते."

मिस्त्री उभे राहिले. "म्या न्हाय बसवलं. म्या फकस्त नट बघितले. वेल्डिंग ह्यानं मारलं. म्या नगं म्हटलं हुतं." त्यांचा आवाज चढला नाही, म्हणून तो कुणाला खरा वाटला नाही. मी मान हलवली आणि म्हणालो, "मिस्त्री, तुम्हाला दिसत न्हाय, चूक घडती. मान्य करा. माणूस हाय."

दिसत नाही, हा शब्द मी टाकला आणि सगळ्यांनी उचलला. मालकांनी टेबलावरचा एक पाना त्यांच्या हातात दिला. "ह्याच्यावर नंबर काय हाय, वाचा."

मिस्त्रींनी पाना लांब धरला, जवळ धरला. मग त्यावर अंगठा फिरवला. "एकोणीस."

एकोणीसच होता.

"वाचून सांगा म्हटलं," मालक म्हणाले. "चाचपून न्हाय."

मग मी जे केलं ते मला कुणी करायला सांगितलं नव्हतं. बाकड्यावर त्या दिवशीचा पेपर पडला होता. मी तो उचलला, उलटा केला आणि मिस्त्रींच्या हातात दिला. "मोठी बातमी वाचा फक्त. मोठ्या अक्षरातली."

त्यांनी पेपर दोन्ही हातांनी धरला. ओठ हलवले. आता काहीतरी बोललं नाही तर सगळं जातं, हे त्यांना कळलं असावं. शेवटी ते म्हणाले, "पावसाचं लिव्हलंय."

सगळं गॅरेज हसलं. जीपवाला हसला. ज्यांचं काल रक्त निघालं होतं तेही हसले. मिस्त्रींना ते का हसतात ते कळेना. त्यांनी पेपर आणखी डोळ्यांजवळ नेला. तेव्हा मी पुढं होऊन तो त्यांच्या हातात सुलटा करून दिला, अगदी हळूच, मोठ्या आदरानं. हसणं आणखी वाढलं.

त्यांनी पेपराची घडी घातली, बाकड्यावर ठेवली, चपला घातल्या आणि निघून गेले. स्वतःची हत्यारं मागायलासुद्धा परत आले नाहीत. ती मी वापरायला लागलो. महिन्याभरात कळलं की ते भूमला लेकीकडं राहायला गेलेत.

मला पश्चात्ताप लगेच झाला असं म्हणणं खोटं होईल. पहिले काही महिने मला हलकं वाटत होतं. गॅरेजमध्ये चूक काढणारं कुणी उरलं नव्हतं. दुसऱ्या वर्षी माझ्या वडिलांच्या डोळ्याला मोतीबिंदू झाला. डॉक्टरांनी भिंतीवरची अक्षरं वाचायला सांगितली तेव्हा ते अंदाजानं काहीतरी बोलले, आणि तिथली बाई हसली. मी तिच्या अंगावर धावून गेलो.

पुढच्या बाजाराच्या दिवशी मी भूमला गेलो. मिस्त्री लेकीच्या घरासमोर खाटेवर बसले होते. ऑपरेशन झालं होतं. त्यांनी मला लांबूनच ओळखलं. बस म्हणाले नाहीत. मी उभ्यानंच सगळं बोललो: चुकलो, खोटं बोललो, पेपर मीच उलटा दिला.

"पेपर उलटा हुता, ते मला लोकांनी सांगितलं," ते म्हणाले. "मला कशाला सांगतूस? मला तर ठाऊक हाय म्या काय केलं आन काय न्हाय. ज्यांस्नी ठाऊक न्हाय त्यांस्नी सांग." आणि लेकीला हाक मारून म्हणाले, "ह्याला पाणी दे आन वाटंला लाव."

मी मालकांना सांगितलं. ते बिल लिहीत होते. वर न बघता म्हणाले, "मला त्याच दिवशी कळलं हुतं. मिस्त्री जन्मात स्टडला वेल्डिंग मारंल का?"

"मग तुम्ही बोलला का न्हाय?"

"त्या लोकांपुढं दोघांतला एक घालवायचाच हुता. त्यांचं वय झालं हुतं. तुझ्या हातात अजून पंचवीस वर्षं हायेत." त्यांनी बिल फाडलं. "जा, ती गाडी बघ."

मग मी खुबा मोडलेल्या त्या मेंढरंवाल्या बाईंच्या घरी गेलो. त्या उंबऱ्यात बसल्या होत्या, शेजारी काठी. थोरला मुलगा मेंढरांना पाला टाकत होता. मी म्हणालो, "मावशी, ते चाक म्या बसवलं हुतं. त्या म्हाताऱ्या मिस्त्रीनं न्हाय."

त्यांनी मुलाकडं बघितलं. त्यानं पाला खाली ठेवला होता.

"ते म्हातारं आलं हुतं हितं," त्या म्हणाल्या. "गाव सोडायच्या आदी. म्हणत हुतं, बाई, त्यो स्टड माझ्या हातचा न्हाय, तुमी तरी इस्वास ठेवा. आमाला वाटलं, माझं हाड मोडून वर खोटं सांगाय आलंय. ह्यानं आन धाकट्यानं लई मारलं त्याला. म्या बसल्या जागंवरनं बघत हुते. थांबवलं न्हाय."

मुलगा माझ्या अंगावर येईल असं मला वाटलं. यावं, असंही वाटलं. तो आला नाही. भिंतीला टेकून खाली बसला आणि आपल्या हातांकडं बघायला लागला.

"त्यानं एकदा बी हात उचलला न्हाय," तो म्हणाला. "नुसतं म्हणत हुता, म्या न्हाय, म्या न्हाय."

बाईंनी काठी धरून उठायचा प्रयत्न केला. मी हात पुढं केला, तो त्यांनी काठीनंच बाजूला सारला. उभं राहायला त्यांना बराच वेळ लागला.

"आता त्याच्याकडं आमी कुठल्या तोंडानं जायचं?" त्यांनी मला विचारलं. त्या खरंच विचारत होत्या, उत्तराची वाट बघत. मग त्या आत गेल्या आणि दार लावून घेतलं.