फुकटातला मांत्रिक

सोलापुरात चादरी विणणाऱ्या आमच्या हाशमनं एक खेळ रचला होता. ज्यानं त्यानं राजा, दरोडेखोर, वैद्य असं सोंग घ्यायचं आणि फासे टाकत लढायचं. चौऱ्याहत्तर साली त्यानं त्यात मांत्रिक आणला. हा मेलेल्या गड्याला उठवायचा, पण त्यापायी आपलं निम्मं आयुष्य द्यायचा. बरोबरच्या विणकरांना ते परवडेना. भांडून त्यांनी नियम बदलून घेतला. मुडदा उठवायचा, तोही फुकटात!

पुढं हाशम छातीच्या दुखण्यानं खचला, तेव्हा त्याच्या बदली मागावर एक पाळी करायला यातला एकही हलकट फिरकला नाही. दफनानंतर मात्र सगळे आले, खेळ मागायला.

त्याची बायको मुमताज म्हणाली, “कुटं ठेवलाय ते त्यालाच ठावं. तुमचा मांत्रिक फुकटात उठवतो न्हवं? मग उठवा की त्याला, आन् विचारा!”