सुनंदाची वीस मिनिटं

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतेय? ठाऊक नाही — पण ऐका.

आमचं गाव राहात्याजवळ. मी शाळेत शिक्षिका. धाकटी जाऊ सुनंदा घरी — घरी म्हणजे काय, तर सहा जर्सी गाई, शेणघाण, धारा, नऊ माणसांच्या भाकरी. तीन वर्षांपूर्वी आम्ही दोघींनी तपासण्या केल्या. रिपोर्ट आणायला मी एकटीच गेले. दोघींचं बीपी वाढलेलं, शुगर काठावर.

डॉक्टर म्हणाले, वेळ नसेल तर रोज वीसच मिनिटं द्या, पण दम लागेल असं चाला. दोन मिनिटं झपाझप, एक मिनिट हळू. घरकामावर भागवू नका, त्यात अंग दुखतं पण सलग दम लागत नाही. दोघींनीही चाला.

आणि मी घरी येऊन काय सांगितलं? — "सुनंदाचं सगळं ठीक आहे. तिला कशाला चालायला हवं? दिवसभर कामातच व्यायाम होतो की." सासूबाईंना लगेच पटलं. आमच्याकडे हे पटतंच. रिपोर्ट इंग्रजीत, वाचून दाखवणारी मीच.

का केलं? दूध सकाळी साडेसहाला डेअरीत पोचायला हवं, आणि शाळेआधी मलाही मोकळा वेळ तेवढाच. दोघी चालायला गेलो तर धारा कोण काढणार? मी? छे! लाज वाटते, पण खरं ते एवढंच.

रोज मी बूट घालून निघायची. गोठ्यातून ती म्हणायची, "जावा आक्का, मी हाय ना." माझी शुगर उतरली, गावात कौतुक झालं — तेही मी घेतलं. वैरणीचा भारा उचलताना तिला धाप लागायची. दिसत होतं हो मला, सगळं दिसत होतं.

गेल्या उन्हाळ्यात ती गोठ्यातच कोसळली. हृदयविकाराचा झटका. वाचली — पण आता चार पायऱ्या चढली की बसते.

दवाखान्यात दीर औषधं आणायला खाली गेलेले. डॉक्टरांनी विचारलं, "चालायला सांगितलं होतं ना मी?" तेव्हा तरी बोलायचं होतं, नाही का? मी म्हणाले, "सांगितलं होतं डॉक्टर, ही ऐकतच नाही." चोराच्या उलट्या बोंबा!

सुनंदानं माझ्याकडे पाहिलं. त्या क्षणी तिला सगळं कळलं. मग डॉक्टरांना म्हणाली, "व्हय. माझंच चुकलं."

आणि मी ते तसंच राहू दिलं.