हेडरचं रेटिंग

समस्त ठाणेकरांस कळवण्यास अत्यंत दुःख होते की, घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीच्या फुटबॉल टीममधलं माझं अढळपद एका रविवारी धोक्यात आलं. डोंबिवलीकरांशी मॅच होती. कॉर्नर किकला हेडर, म्हणजे डोक्याने बॉल, मारायला पुढे कोणी जायचं, हे ठरवायला माझ्या लेकीने बुद्धिबळासारखं रेटिंग काढलं. सरावात बॉलसाठी दोघं उडाले की जिंकणाऱ्याला गुण; पण हरलेला कच्चा असेल तर गुण नावालाच. सहा फुटी मी निर्धास्त होतो. पहिले आले आमच्याच टीममधले, मूळचे आंबिवलीचे एक मास्तर, जेमतेम माझ्या खांद्याला लागणारे! मी हरवलेले सगळेच कच्चे निघाले. मोबाइलवरचे आकडे बघता बघता लेक सगळ्यांदेखत ओरडली, “अरे बाबा, म्हणजे तू नुसताच उंच आहेस!”