पाणक्या अंकलांची बरणी

समुद्रातून आलेली कुठलीही वस्तू टाकीत सोडण्याआधी पाणक्या अंकल तिच्यावर वाकून तीनदा विचारायचे, “कुणाचं?” मग उत्तराची वाट पाहत थांबायचे. वसईला त्यांच्या आजाने लावलेली ही सवय. किनाऱ्यावर वाहून आलेलं काहीही न विचारता घरात घ्यायचं नाही.

सिडनीतल्या आमच्या प्रयोगशाळेत पॅसिफिकमधल्या खडकांवर फुटलेल्या एका जुन्या स्पॅनिश जहाजाचा माल होता. तळाशी मैलभर विखुरलेली नाणी, मणी, मातीच्या बरण्या पाणबुड्यांनी वेचून आणल्या होत्या. अशा वस्तू घाईने सुकवल्या तर आत मुरलेलं मीठ फुलतं आणि त्यांचा भुगा होतो. म्हणून त्या गोड्या पाण्यात ठेवायच्या, पाणी बदलत राहायचं आणि दर शुक्रवारी मीटरने मीठ मोजायचं. हे काम अंकलांचं, म्हणून मी त्यांना पाणक्या म्हणायचे. त्यांना ते आवडायचं.

मी पुण्याहून शिकायला आलेली, तोंडाने फटकळ. स्पॅनिश खलाशाला तुमचं मराठी कळणार आहे का, असं मी एकदा विचारलंच.

“इतकी वर्षं त्याला कुणी कुठल्याच भाषेत विचारलं नाही गं,” ते म्हणाले.

बाकीच्या वस्तूंचं मीठ वर्षभरात संपलं. सात नंबरच्या टाकीतल्या बरणीचं पाच वर्षं संपेना. मीटर बदलले, टाकी बदलली. माती जाड असेल, असं आमचे साहेब म्हणत आणि मलाही ते पटे. पण पाणी बदललं की त्या बरणीतून बुडबुडे निघत राहायचे, आणि अंकलांनी “कुणाचं?” म्हटलं की थांबायचे. माझ्या अंगावर काटा यायचा.

साहेबांना ती बरणी प्रदर्शनात हवी होती. अंकल एरवी सगळ्याला ‘नो वरीज’ म्हणणारे, पण इथे हटून बसले. त्यातच त्यांचं हृदय थकलं. क्वेकर्स हिलला त्यांना घरी सोडायला गेले, तेव्हा गाडीतून उतरता उतरता म्हणाले, “बरणीत जो अडकलाय, त्याला न्यायला कुणी आलं नाही तर जाताना मीच नेईन. तोवर बरणी बाहेर काढू देऊ नकोस. तू फक्त पाणी बदल.”

असलं अभद्र बोलू नका, म्हणून मी त्यांच्यावर चिडले. आणखी तीन महिने मी पाणी बदलत राहिले आणि साहेबांशी भांडत राहिले.

अंकल मंगळवारी गेले. शुक्रवारी चर्चमधला विधी आटोपून मी तशीच काळ्या कपड्यांत कामावर आले आणि मीटर टाकीत बुडवला. मीठ नावालाही नव्हतं. पुन्हा पाहिलं, साहेबांनाही दाखवलं. बरणी वाचली, म्हणून ते खूश झाले.

साहेब बाहेर गेल्यावर मी टाकीचं पाणी बदललं आणि वाकून तीनदा विचारलं, “कुणाचं?” पाणी बदलतानाही एकही बुडबुडा आला नव्हता. पाच वर्षांत पहिल्यांदाच ती बरणी रिकामी वाटली. मी टाकीपाशी बसून पोटभर रडले, आणि खरं सांगायचं तर, अंकल एकटे गेले नाहीत याचं मला बरं वाटलं.