आमचा पीपी नंबर

आदिलाबाद जिल्ह्यात, जैनथकडच्या आमच्या गावात तेव्हा गल्लीभर एकच फोन होता, समोरच्या काकांच्या किराणा दुकानात. शाळेच्या फॉर्मवर, लग्नपत्रिकेवर, दवाखान्याच्या कागदावर सगळे तोच नंबर लिहायचे आणि पुढे ‘पीपी’. म्हणजे फोन शेजाऱ्यांचा, बोलावून देतील. भिंतीलाही कान असतात म्हणतात. काकांच्या दुकानाला तर समोरून भिंतच नव्हती.

लाइन कायम खरखरायची. म्हणून आमच्याकडे एक पद्धतच पडली होती. पलीकडचा जे सांगेल ते आपण मोठ्यानं परत म्हणायचं, म्हणजे बरोबर ऐकलं हे त्याला कळतं. मी त्यात पटाईत. काका म्हणायचे, “हिले फोन कायले लागते? ओट्यावरून बोलली तरी नांदेडले ऐकू जाते.”

ताईला लहानपणापासून फिट यायची. तिचं लग्न पैनगंगेपलीकडच्या एका गावात ठरत आलं होतं. त्याआधी एकदा तपासून घ्यावं म्हणून बाबा तिला नांदेडच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. ताईचं म्हणणं एवढंच होतं, “रिपोर्ट येऊ द्या. मग मुलाले मीच सांगतो, माझ्या तोंडानं.” बाबांनी मान हलवली. आणि दवाखान्याच्या कागदावर सवयीनं काकांचा नंबर लिहून आले.

फोन आला तेव्हा बाबा शाळेत शिकवत होते, ताई शिवणक्लासला गेली होती. मी पळत गेले. दुकानात चार बाया होत्या. त्यातल्या एकीचं माहेर मुलाच्याच गावचं, आणि ते मला माहीत होतं. तरी मी म्हणत गेले, “हो, फिटचाच आजार… गोळ्या बंद नाही करायच्या… हो, लग्नानंतरही.” मी फोन ठेवला. त्या बाईनं साखरेची पुडी उचलली आणि गेली.

आठ दिवसांत निरोप आला, मुलाला एवढ्यात लग्न करायचं नाही. ताई पोळ्या लाटत होती, ती लाटत राहिली. मग म्हणाली, “काऊन व, हळू नाही बोलता आलं तुले?”

“तिकडून ऐकू येत नव्हतं,” मी म्हणाले.

मला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. ताटं घेतली, जेवलो.

त्यानंतर ताईनं लग्नाचा विषय कुणाला काढू दिला नाही. काही वर्षांनी मी आदिलाबादला नोकरीला लागले आणि घरी आमचा स्वतःचा फोन आला. दर रविवारी मी फोन करायचे. ताई रिसीव्हर उचलून “थांब” म्हणायची. मग दाराची कडी लागल्याचा आवाज यायचा, नंतर खिडकीचा. लाइन इतकी स्वच्छ झाली होती. मी सवयीनं मोठ्यानं सुरू करायचे.

“हळू बोल,” ती म्हणायची. “आता ऐकू येऊन राह्यलं.”